जमीन जालन्याची, अमोनिया युरोपचा? हायड्रोजन आधी कोणाला मिळावा?

गोदाकाठ (धागाकर्ता):
आमच्या अंबड तालुक्यात पारावर सध्या एकच विषय आहे, सोलरला जमीन द्यायची का. परवा आलेला एजंट सांगत होता की ही वीज तारेनं बंदराकडे जाईल, तिथं हायड्रोजन होईल, त्याचा अमोनिया जहाजानं युरोपला जाईल. करार पंचवीस वर्षांचा.

माझा सोलरला विरोध नाही. पण हा हायड्रोजन आधी आपल्या खताच्या गोणीत यावा. हायड्रोजनपासून अमोनिया होतो आणि अमोनियापासून खत. आपल्या देशात हा अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आयात वायूचा मोठा हिस्सा कतारहून होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून येतो. २०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला, वायू महागला आणि खतांचे भाव जगभर भडकले. केंद्राच्या हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले. पैसा जनतेचा असताना पहिला हक्क बाहेरच्यांचा कसा?

बिंदुसरा:
दादा, आधी पाण्याचं बोला. हायड्रोजन पाण्यातूनच काढतात ना? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. उद्या असा कारखाना जायकवाडीवर आला तर? माझा साफ विरोध.

रब्बीची ज्वारी:
बिंदुसरा ताई, तुमची भीती खोटी नाही, पण हिशेब मांडून बघा. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्रानुसार ९ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंड करायचं धरून २० लिटर समजू. म्हणजे वर्षाला १ लाख टन हायड्रोजनला २०० कोटी लिटर. एक हेक्टर ऊस वर्षाला दोनेक कोटी लिटर पाणी पितो. म्हणजे सगळं मिळून १०० हेक्टर उसाचं पाणी झालं! एवढा ऊस तर एकेका गावाच्या शिवारात असतो.

खरा घास विजेचा आहे. किलोला ५० ते ५५ युनिट लागतात. १ लाख टनाला ५०० कोटी युनिटच्या वर. त्यासाठी तीनेक हजार मेगावॅट सोलर, आणि मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर १२ ते १५ हजार एकर जमीन.

बिंदुसरा:
पाण्याचं मान्य, इतका कमी आकडा निघेल असं वाटलं नव्हतं. पण मग हे १५ हजार एकर कोणाचे? सातबारा ज्याच्या नावावर, त्याला भाडं मिळेल. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, म्हणजे मालकाचं बरं चाललं. जो बटईनं कसतो, त्याचं काय? खुरपणीला जाणाऱ्या बाया कुठं जातील? आधीच दिवाळीनंतर अर्धं गाव कोयता घेऊन बाहेर पडतं. पॅनलखाली रोजगार उगवत नाही.

तेरणाकाठ:
मी धागाकर्त्याच्या विरोधात आहे. गोणी म्हणजे युरिया म्हणत असाल तर अडचण अशी, की युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो आज त्याच नैसर्गिक वायूतून मिळतो. नुसता हिरवा, म्हणजे सोलरच्या विजेवर केलेला, अमोनिया देऊन युरिया होत नाही. शिवाय हा अमोनिया महाग आहे. जो जास्त भाव देईल त्याला आधी विकू, कारखाने मोठे होतील, दर उतरेल, मग आपण वापरू. सोलरचं असंच झालं. युरोपनं १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या खत, पोलाद, सिमेंटवर कार्बनशुल्क, म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बनवरचा आकार, लागू केलंय, तिथं गिऱ्हाईक तयार होतंय. आपण मागं राहिलो तर नामिबिया, चिली, सौदी पुढं जातील.

गोदाकाठ:
युरियाचं बरोबर, मी घाईत गोणी म्हटलं. पण मग डीएपी घ्या, नत्र आणि स्फुरद दोन्ही देणारं खत. ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र, त्याला ११ किलोच्या आसपास अमोनिया, म्हणजे दोनेक किलो हायड्रोजन. इथं कार्बन लागत नाही. सोयाबीनच्या पेरणीला डीएपीसाठी दुकानासमोर उन्हात रांग लावलेली माणसं मी बघितलीत, मीही त्यात होतो. चीननं निर्यात आवळली की इथं ती रांग लागते.

आणि युरोपच्या गिऱ्हाइकावर एवढा भरवसा नको. २०२२ मध्ये त्यांनी २०३० पर्यंत वर्षाला १ कोटी टन हायड्रोजन आयात करायचं ठरवलं. २०२४ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी ही लक्ष्यं फाजील महत्त्वाकांक्षी ठरवली.

तेरणाकाठ:
डीएपीचं मान्य. तरी परावलंबन संपत नाही, भाऊ. त्यातलं स्फुरद खनिज मोरोक्को-जॉर्डनकडून येतं. पाण्यातून हायड्रोजन काढणारी यंत्रं बनवायची जगातली निम्म्याहून जास्त क्षमता चीनकडे आहे. एक दोर कापला की दुसरा गळ्याला.

गोदाकाठ:
खरंय. पण यंत्र एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं, वायूचं जहाज मात्र दर महिन्याला यावं लागतं. हा फरक मला मोठा वाटतो.

ताईंचा बटईदाराचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आमची चार एकर नात्यातलाच एक जण कसतो. गुरुवारी ग्रामसभा आहे. भाड्यातला वाटा बटईदाराला लेखी मिळावा, हे तिथं मांडतो. आणि करारात वीज कोणाला विकणार ते कुठंच लिहिलेलं नाही. ते लिहून येईपर्यंत माझी सही नाही.