हायडॅटिड सिस्टला मराठीत काय म्हणायचं?

माडाखालचा: मावशीची सोनोग्राफी झाली, रिपोर्टात लिव्हरमध्ये हायडॅटिड सिस्ट आलंय. फोंड्याला घरी सगळे मलाच विचारतायत म्हणजे काय. शब्दकोशात सिस्टला 'पुटी' मिळालं, यकृत कोणाला कळेना म्हणून मी म्हटलं काळजात पुटी आहे, तर मावशी रडायलाच लागली, तिला वाटलं हार्ट गेलं. साधा शब्द सांगा कोणीतरी.

जुनामास्तर: अरे, काळीज शब्द दुटप्पी आहे. मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो लिव्हर तोलून देतो, पण काळजाचा ठोका चुकतो तो हृदयाचा. कोंकणीतही काळीज म्हणजे हृदयच धरतात, त्यामुळे गोव्यात घोळ डबल. सरळ लिव्हर म्हण. हायडॅटिड ग्रीकमधनं आलंय, मूळ शब्द पाण्याचा, म्हणून 'पाण्याची गाठ' चालेल.

लॅबवाली: मास्तर, अर्थ बरोबर पण 'पाण्याची गाठ' नको, प्लीज! साध्या सिस्टलाही लोक तेच म्हणतात आणि मग पाणीच आहे तर सुई घालून काढून टाका म्हणतात. ही फुटली आणि आतलं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय त्यातल्या कणांपासून नव्या गाठी होतात. डॉक्टर सुई घालतात, नाही असं नाही, पण गाठ बघून, अल्बेंडाझोलच्या गोळ्या देऊन, आत जंत मारणारं औषध सोडून. कधी ऑपरेशन करतात, कधी नुसतं लक्ष ठेवतात. मी पेशंटला 'जंताची गाठ' सांगते.

जुनामास्तर: जंत म्हटलं की लांब फीत डोळ्यासमोर येते ना पण. पुस्तकात पट्टकृमी.

लॅबवाली: तो लांब फीतवाला वेगळा. हा एकायनोकोकस, पट्टकृमीच, पण पूर्ण वाढला तरी काही मिलिमीटरचा, आणि तोही कुत्र्याच्या आतड्यात, माणसात नाही. माणसात फक्त अळीची पिशवी. पिशवीत पिल्लू-गाठी असतात आणि तळाला बारीक कण, त्यांना आम्ही सरळ वाळू म्हणतो.

माडाखालचा: घरात आता भलताच वाद. शेजारीण नाताळाला सोरपोतेल देते, त्यात डुकराचं लिव्हर, म्हणून त्यानेच झालं म्हणे.

लॅबवाली: छे, बिचारीला उगाच बोल लावू नका. याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतनं येतात, मग हाताला, भाजीला, पाण्याला लागून आपल्या पोटात. कुत्र्याला होतो तो बकऱ्या-मेंढ्यांचं गाठी असलेलं कच्चं लिव्हर-फुफ्फुस खाल्लं की, म्हणून कापलेल्या जनावराचं उरलंसुरलं कुत्र्यांपुढे टाकू नये. डुकराच्या कच्च्या मटणातनं येतो तो दुसरा पट्टकृमी, मेंदूत गाठी होतात त्या त्याच्या अंड्यांनी. दोन्हींना 'टेपवर्म' म्हटलं की असा गोंधळ होणारच.

जुनामास्तर: मग ठरलं, लिव्हरातली जंताची गाठ. पुटी परीक्षेच्या पेपरात राहू दे.

माडाखालचा: मावशीने आपलंच नाव पाडलंय, फोनवर सगळ्यांना 'कुत्र्याचो जंत' म्हणून सांगते आणि आमच्या म्हाताऱ्या सुण्याला, म्हणजे कुत्र्याला, कालपासून अंगणात बांधलंय.

लॅबवाली: ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते हो, अंडी कधी आणि कुठल्या कुत्र्याची गेली कोण सांगणार! त्याला घरात घ्या, व्हेटकडून जंताचं औषध प्राझिक्वांटेल द्या आणि मावशीला जेवायच्या आधी हात धुवायला सांगा.