बाबांच्या किराणा दुकानावर ऑनलाइन कंपनीचा बोर्ड लावू द्यावा का?

नंदनवनची_लेक

नमस्कार. घरात पंधरा दिवसांपासून हाच विषय चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नागपूरला नंदनवनात आमचं किराणा दुकान आहे. बाबांनी १९९४ मध्ये टाकलं. दहा बाय चौदाचा गाळा, वर पोटमाळा, मागे घर. मी नोकरी करते, भाऊ पुण्याला. बाबा ६३ वर्षांचे आहेत, पण सकाळी साडेसहाला दुधाचे क्रेट उतरवून घ्यायला अजूनही तेच उभे असतात.

मागच्या महिन्यात एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दुकान तुमचंच राहील, पण बोर्ड आमचा लागेल, म्हणाला. रॅक, काचेचा फ्रीज, बिलिंग मशीन ते देणार. आपण दीड लाख डिपॉझिट भरायचं आणि महिन्याच्या खरेदीतला निदान ६० टक्के माल त्यांच्या अ‍ॅपवरून घ्यायचा. आसपासच्या ऑर्डरी अ‍ॅपवर येतील, त्या आपण घरपोच द्यायच्या. आणि उधारी बंद, कारण मशीनमध्ये उधारीचा हिशोबच बसत नाही.

मला हे सरळ नाकारवत नाही. दोन वर्षांत रोजचा गल्ला बारा हजारांवरून साडेआठवर आलाय. बिस्किटं, शाम्पू, कोल्ड्रिंक लोक मोबाइलवरून मागवतात. आमच्याच गल्लीत दिवसातून दहा वेळा डिलिव्हरीची पोरं येऊन जातात आणि बाबा काउंटरवरून बघत बसतात.

पण वहीचं काय करू? लाल कापडात गुंडाळलेल्या त्या वहीत ८४ घरांची खाती आहेत, आजच्या तारखेला १ लाख ९० हजार येणं आहे. ऑटोवाले, हप्त्यावर काम करणारे गवंडी, खासगी शाळेतल्या बाई, ज्यांचा पगार कधी दहा तारखेला होतो तर कधी बावीसला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाबांनी एकाचंही खातं थांबवलं नव्हतं. तीन घरं सोडली तर सगळ्यांनी फेडलं, एका काकांनी तर दीड वर्षाने येऊन.

दुसरं तांदळाचं. पोतं उघडलं की बाबा मूठभर एचएमटी तळहातावर पसरतात, फुंकर मारतात, एक दाणा दाताखाली मोडतात आणि सांगतात, "हा नवा आहे वहिनी, पाणी कमी टाका, नाहीतर गिचका होईल." कोणाच्या घरी जुनाच लागतो, कोणाला खिचडीसाठी कणी हवी, हे त्यांना तोंडपाठ आहे. अ‍ॅपवर नुसतं 'एचएमटी, ५ किलो' असतं.

बाबा काही बोलत नाहीत. "तू शिकलेली आहेस, तू बघ," एवढंच म्हणतात, आणि त्यानेच मला जास्त त्रास होतो. नागपुरात किंवा बाहेर कोणी असा बोर्ड लावलाय का? आणि ही कंपनी तरी या धंद्यात टिकेल का?

इतवारी_ओळ

ताई, मी इतवारीत किराणा ओळीत ठोकचं काम करतो. या दोन महिन्यांत चार दुकानदार हेच विचारून गेले.

आधी ते तुमच्याकडे कशाला येऊन राहिले ते समजून घ्या. परदेशी पैसा असलेल्या ऑनलाइन कंपनीला आपल्याकडे स्वतःचा माल साठवून थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही, तिने फक्त बाजार चालवायचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम अजून आवळले. भारतात तयार झालेल्या खाद्यपदार्थांना सरकारच्या मंजुरीने सूट आहे, पण साबण, शाम्पू, उदबत्तीला ती नाही. ठोक विक्रीत मात्र १०० टक्के परदेशी गुंतवणूक चालते. म्हणून असल्या कंपनीला तुमचं दुकान विकत नको असतं, तिला तुम्हाला माल विकायचा असतो. माल पडून राहिला तर तो तुमचा, गाळा तुमचा, लाइटबिल तुमचं.

आता भावाचं बघा. त्यांचं तेल, साखर इतवारीपेक्षा स्वस्त दिसेल, सुरुवातीला खरंच असते. पण आमचा सेल्समन दर आठवड्याला येतो, मुदत संपलेले पुडे परत नेतो, पंधरा दिवस थांबतो. अ‍ॅपवर पैसे आधी भरावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने चार महिने सगळी खरेदी अशाच एका अ‍ॅपवरून केली. आमच्यासारख्यांच्या गाड्या त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. मग अ‍ॅपने त्या भागातली डिलिव्हरीच थांबवली. तो परत आला तेव्हा वितरकांनी त्याला रोखीवरच माल दिला, आणि मुदत संपलेल्या मसाल्याचे दोन खोके त्याच्या माळ्यावर आजही पडून आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं, वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते.

खरेदीतला थोडा माल अ‍ॅपवरून घ्या, स्वस्त असेल तेवढाच. ६० टक्क्यांची अट मान्य करू नका. आणि मुदतबाह्य माल कोण घेणार, डिपॉझिट किती दिवसांत परत, तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर कोणाकडे राहणार, हे कागदावर मागा.

प्रतापनगर_ते_बेलव्ह्यू

कंपनी टिकेल का, यावर मी बघितलेलं सांगते. मी प्रतापनगरची, बरीच वर्षं अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहते.

जून २०२१ मध्ये इथे फॅक्टोरियाला अ‍ॅमेझॉन फ्रेशचं दुकान उघडलं. दारात मोबाइल दाखवायचा, हवं ते पिशवीत टाकायचं आणि सरळ बाहेर पडायचं, छताला सगळे कॅमेरे. मुलं लहान होती, रांग नाही म्हणून मला फार सोयीचं वाटलं. पण बिल मोबाइलवर कधी तासाभराने यायचं. एकदा कोथिंबिरीच्या दोन जुड्या लागल्या होत्या, मी एक घेऊन दुसरी परत ठेवली होती. पैसे परत मिळाले, पण विचारायला समोर माणूस नव्हता, ते मला खटकलं.

बाकी सगळं जाहीरच आहे. अ‍ॅमेझॉनने २०१७ मध्ये १३.७ अब्ज डॉलर मोजून होल फूड्स ही इथली किराणा दुकानांची साखळी घेतली. २०१८ मध्ये सिअ‍ॅटलला बिनकॅशियरचं 'गो' नावाचं दुकान लोकांसाठी उघडलं, २०२० मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं फ्रेश. २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत दुकानांपोटी ७२ कोटी डॉलर तोट्यात दाखवले आणि लगेच कंपनीचे प्रमुख अँडी जॅसी यांनी सांगितलं, गणित जमेपर्यंत नवी फ्रेश दुकानं उघडणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये फ्रेशमधून ती बिनरांगेची सोय काढून ट्रॉलीवरच हिशोब करणारी यंत्रं आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनमधली फ्रेश दुकानं बंद करायचं ठरलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये इथलीही फ्रेश आणि गो बंद करत असल्याची घोषणा झाली. होल फूड्स चालू आहे, घरपोच किराणाही चालू आहे. मोडली ती कोपऱ्यावरची दुकानं.

त्यांच्याकडे पैसा होता, हुशार माणसं होती, तरी दर वर्षा-दोन वर्षांनी दुकानाची रीत बदलत होती. त्यांनी तोटा लिहून टाकला आणि पुढे गेले. असा बेत बदलला तर तुमच्या बाबांचे दीड लाख आणि ८४ घरं कुठे राहतील, हे आधी बघा.

बेसा_रोड

मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. बाळाचं डायपर रात्री साडेनऊला संपतं, तेव्हा अ‍ॅपच आठवतं. आमच्या खालच्या दुकानदाराला दोनदा म्हटलं, काका, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घ्या. ते "फोन करा" म्हणाले आणि फोन उचलला नाही. मागवायची सोय दुकानातच झाली तर माझ्यासारखे परत येतील, बोर्ड कोणाचाही असो.

नंदनवनची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितलेले तिन्ही प्रश्न मी त्या माणसाला ईमेलवर पाठवले. त्याने फोन केला, "मॅडम, सगळं होऊन जाईल" म्हणाला. लेखी द्या म्हटलं, त्याला आज नऊ दिवस झाले.

रविवारी तुमची उत्तरं बाबांना वाचून दाखवली. बेलव्ह्यूच्या ताईंचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "वही बंद करा म्हटलं ना, तेव्हाच माझं मन उठलं होतं. पण तुझ्या मनात काय आहे ते कळत नव्हतं." माझ्या मनात काय आहे म्हणून ते गप्प होते आणि त्यांच्या मनात काय आहे म्हणून मी. पंधरा दिवस आम्ही दोघं असे एका घरात फिरत होतो.

बोर्ड लावायचा नाही, हे ठरलं. पण बेसा रोडवाल्या दादांचं म्हणणं मी सोडलेलं नाही. दुकानासाठी वेगळा नंबर घेतलाय, संध्याकाळी पाच ते दहा सामान पोचवायला शेजारचा बारावी झालेला मुलगा ठेवलाय. पहिल्या आठवड्यात २३ याद्या आल्या, त्यातल्या सहा रात्री नऊनंतरच्या. बिस्किटं आणि साबण स्वस्त पडेल तेव्हा अ‍ॅपवरून, धान्य आणि तेल इतवारीतून. वहीतली खाती रोज रात्री मी मोबाइलमध्ये उतरवते, बाबा वाचून दाखवतात.

उन्हाळ्याची भरणी सुरू झाली आहे. काल भिवापुरी मिरचीचं पोतं आलं, आज सकाळपासून सगळं दुकान खोकतंय. उद्या गव्हाची गाडी आहे, मी अर्धी रजा टाकली आहे.