टोयोटा ८६: इनटेक बदलल्यावर पिकअप वाढला, पण हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचा आकडा घटला. असं कसं?

तिसरागिअर
गाडी २०१३ ची ८६, मॅन्युअल. रविवारी कोल्ड एअर इनटेक (इंजिनला थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टरचा संच) स्वतः बसवला. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, फिल्टरच्या डब्यावरचा एमएएफ सेन्सर दोन स्क्रू काढून अलगद बाहेर घेतला आणि जुन्या डब्याच्या जागी नवा पाइप, शंकूसारखा फिल्टर आणि पत्र्याचं हीट शील्ड बसवलं. साउंड क्रिएटरची, म्हणजे इनटेकचा आवाज केबिनकडे नेणारी नळी काढून टाकली. पाइपावरचं तिचं तोंड किटमधल्या रबरी टोपीनं बंद केलं.

४,००० आरपीएमच्या पुढे येणारा आवाज ऐकून मन भरून येतं. पिकअपही वाढल्यासारखा वाटतो. पण ओबीडी रीडर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावला आणि गोंधळलो. ७,००० आरपीएमला एमएएफ आधी सेकंदाला १३६ ग्रॅम दाखवायचा, आता १२६ दाखवतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कंप्युटर इंधनात करत असलेली टक्क्यांतली दुरुस्ती, +१ वरून +९ वर गेलाय. चेक इंजिन लाइट लागलेला नाही. हवा कमी जात असेल तर पिकअप कसा वाढेल? डबा परत बसवू का?

व्हर्नियर
थांबा, डबा लगेच बसवू नका. तुम्ही ज्यानं मोजताय ते मापच बदललंय.

एमएएफच्या तारेला पाइपातली सगळी हवा कळत नाही. कळतो तो तिच्याजवळून जाणाऱ्या हवेचा वेग, आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जुन्या पाइपाच्या हिशेबानं ग्रॅम काढतो. सेन्सर जिथे बसतो तिथला आतला व्यास ४ टक्के वाढला, तर क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के वाढतं. तेवढीच हवा मग हळू वाहते आणि आकडा कमी दिसतो. १२६ ला १.०८ नं गुणा, १३६ येतात! दोन्ही पाइप मोजून बघा. व्यास खरंच तेवढा मोठा असेल, तर हवा होती तेवढीच आहे.

आता पिकअप. ही गोष्ट मला खरंच काळजीची वाटते. हवा कमी आहे असं समजल्यावर ईसीयू इंजिनवरचा लोडही कमी धरतो आणि इग्निशन थोडं पुढे घेतो, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडतो. पूर्ण थ्रॉटलला मिश्रणही लीन होऊ शकतं, म्हणजे इंधन कमी पडू शकतं. त्यानं गाडी तरतरीत वाटते, पण १२.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात नॉक (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) व्हायला एवढं पुरेसं असतं. एमएएफचं टेबल (हवेच्या वेगावरून ग्रॅम काढायचा ईसीयूतला तक्ता) नव्या पाइपानुसार ट्यून करून घेईपर्यंत पेडल तळाला नेऊ नका, ही कळकळीची विनंती.

एक आकडा मात्र हवाय. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम किती आणि गाडी एकसारखी चालवताना २,५०० ला किती? फक्त पाइपाचा फरक असेल तर दोन्हीकडे जवळपास सारखाच येईल. आयडलला खूप जास्त आणि वेगात कमी येत असेल, तर सेन्सर आणि इंजिनच्या मध्ये कुठेतरी न मोजलेली हवा शिरतेय.

गारवा
इनटेकच्या हवेचं तापमानही लॉग करा. सेन्सर एमएएफमध्येच आहे. ३० अंशांची हवा ४० झाली की तिची घनता ३ टक्क्यांहून जास्त घटते, म्हणजे किटनं जे काही दिलं असेल ते तिथेच गेलं. ८६ चा मूळ डबा रेडिएटरच्या वरून, पुढूनच थंड हवा घेतो, त्यामुळे त्याच्याशी बरोबरी करणंही सोपं नाही. हीट शील्डची रबरी पट्टी बॉनेटला नीट टेकते ना, ते बघा. फिल्टर तेलाचा असेल तर धुतल्यावर तेल बेतानंच लावा. जास्तीचं तेल एमएएफच्या तारेवर जाऊन बसतं.

तिसरागिअर
व्हर्नियर, मनापासून आभार. आयडलला +१५, २,५०० ला +८! साबणाचं पाणी लावून गळती सापडली नाही, म्हणून साउंड क्रिएटरच्या तोंडावरची टोपी काढूनच बघितली. आतून चिरलेली होती. जाड रबराची टोपी क्लॅम्प लावून बसवली. आता दोन्हीकडे +७ ते +८ आहे. व्यास मोजला, ४ टक्क्यांना अगदी किंचित कमी.

पेडल तळाला न्यायचं नाही म्हणून बंद ट्रॅकवरची चाचणी टेबल दुरुस्त झाल्यावरच केली. तिसरा गिअर, ३,००० ते ७,०००, दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा, मध्ये इंजिन गार होऊ देऊन. जुन्या डब्यानं ८.८ ते ९.० सेकंद, नव्या पाइपानं ८.७ ते ९.०. ४,००० च्या आसपासचा टॉर्कचा खड्डा (जिथे इंजिनचा जोर कमी पडतो) जसाच्या तसा आहे.

चालत्या गाडीत इनटेकचं तापमान दोन्हीत सारखंच, पण दहा मिनिटं उभी ठेवली की नव्यात ते ६ अंश जास्त चढतं. शील्डची पट्टी एका कोपऱ्यात बॉनेटला टेकत नाहीये. येत्या रविवारी ती बदलणार आणि पुन्हा लॉग घेणार. आवाजासाठी पाइप ठेवतोय.

व्हर्नियर
पट्टी बदलल्यावर उभ्या गाडीचा लॉग इथे नक्की टाका. आणि टेबल दुरुस्त झाल्यावर ट्रिम किती राहिला, तेही लिहा.