.४४ मॅग्नम की .४५ कोल्ट? घरी काडतुसे भरणाऱ्याने कोणते निवडावे

ओहायोवासी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची इटलीत बनलेली प्रतिकृती आहे आणि तिच्यासाठी .४५ कोल्टची काडतुसे मी घरीच भरतो. २५५ ग्रेनची (सुमारे साडेसोळा ग्रॅमची) ओतीव शिशाची गोळी, सेकंदाला आठशे फुटांच्या आसपासचा वेग, असा सौम्य कारभार आहे. आता पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी एक दणकट रिव्हॉल्व्हर घ्यायचे मनात आहे. आमच्याकडच्या जंगलात पन्नास यार्डांपलीकडचा नेम धरण्याची वेळ क्वचितच येते, त्यामुळे दुर्बीण लावण्याचा विचार नाही.

दुकानात रुगर कंपनीची दोन रिव्हॉल्व्हरे पाहून ठेवली आहेत. एक .४४ मॅग्नममधले सुपर ब्लॅकहॉक आणि दुसरे .४५ कोल्टमधले मोठ्या फ्रेमचे (सांगाड्याचे) ब्लॅकहॉक. दोन्हींची नळी साडेसात इंचांची आहे. .४५ घेतले तर डाय (पुंगळीला आकार देणारी साधने), पुंगळ्या (काडतुसाची पितळी आवरणे), गोळीचा साचा असे सगळे घरात आहेच; .४४ घेतले तर हे सारे नव्याने जमवावे लागेल. शिवाय भरणीच्या पुस्तकांत .४५ कोल्टसाठी ‘फक्त रुगर’ असा जो वेगळा विभाग असतो, त्यातले आकडे .४४ मॅग्नमच्या जवळपास पोहोचतात. तयार काडतुसे मी विकत घेत नाही, त्यामुळे त्यांच्या किमतीचा मुद्दा माझ्यापुरता गैरलागू आहे. असे असताना .४४ घेण्यास काही सबळ कारण उरते का, हे जाणकारांनी सांगावे.

पुंगळीवाला यांचे उत्तर

आपला प्रश्न नेमका आहे, आणि ताकदीच्या अंगाने पाहिले तर त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पन्नास यार्डांवरच्या हरणाला या दोहोंतला फरक कळणार नाही. गोळीचा व्यास एकीकडे .४२९ ते .४३० इंच आणि दुसरीकडे .४५२ इंच, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावरून लोक वर्षानुवर्षे वाद घालतात हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे. मात्र सबळ कारण उरते, आणि ते दाबात आणि नावात आहे.

.४४ मॅग्नमची अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल दाबमर्यादा ३६,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, आणि .४५ कोल्टची १४,००० पीएसआय. आपण ज्या ‘फक्त रुगर’ विभागाचा उल्लेख केला आहे, तो साधारण ३०,००० पीएसआयपर्यंत जातो, म्हणजे अधिकृत मर्यादेच्या दुपटीहून अधिक. या वरच्या पातळीला उद्योगाची कोणतीही अधिकृत मान्यता नाही; .४५ कोल्टसाठी ‘+पी’ (वाढीव दाबाचे) असे प्रमाणित मानकच अस्तित्वात नाही. पुस्तके लिहिणाऱ्यांनी विशिष्ट रिव्हॉल्व्हरे मजबूत आहेत हे पाहून तो विभाग स्वतंत्रपणे दिला आहे. परिणाम असा की एकाच नावाची, एकाच लांबीची, बुडावर तोच शिक्का असलेली दोन काडतुसे आपल्या फडताळात शेजारी शेजारी राहू शकतात, आणि त्यांतले एक आपल्या इटालियन प्रतिकृतीचे सिलिंडर फोडू शकते.

.४४ च्या घराण्यात ही अडचण आधीच सोडवलेली आहे. १९०७ च्या .४४ स्पेशलची पुंगळी १.१६ इंचांची आहे. १९५५ च्या अखेरीस मॅग्नम आले तेव्हा तिची लांबी १.२८५ इंच केली गेली, ती मुख्यतः याचसाठी की जोरदार काडतूस जुन्या स्पेशलच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) शिरूच नये. .४५ कोल्टच्या बाबतीत असा कोणताही अडसर नाही. १८७३ सालचे शस्त्र आणि आजचे शस्त्र, दोघेही तेच काडतूस निमूटपणे स्वीकारतात.

या संदर्भात शस्त्रांवर लिहिणारे अमेरिकी लेखक एल्मर कीथ यांचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात ते .४५ कोल्टमध्येच जोरदार भरणी करत होते. एका कोल्टचे सिलिंडर फुटल्यावर ते.४४ स्पेशलकडे वळले, कारण तेवढ्याच सिलिंडरमध्ये .४४ चे छिद्र लहान असल्याने भिंती जाड राहतात. त्यांच्या त्या प्रयोगांतूनच पुढे मॅग्नम जन्माला आले. आजचे पोलाद आणि आजच्या घन बुडाच्या पुंगळ्या त्या काळापेक्षा कितीतरी सरस आहेत हे खरे, परंतु भिंतीच्या जाडीचे गणित बदललेले नाही.

शिसेओतारी यांचे उत्तर

पुंगळीवाला यांचे म्हणणे तत्त्वतः योग्य असले, तरी त्यांनी चित्र जरा गडद रंगवले आहे, असे मला वाटते. मी दोन्ही काडतुसे भरतो आणि शिकारीला .४५ नेतो. कारण सांगतो.

जड गोळी मध्यम वेगाने सोडायची असेल तर .४५ कोल्टची पुंगळी अतिशय समजूतदार आहे. तिच्यात जागा अधिक आहे, त्यामुळे २५० ते ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला हजार-अकराशे फुटांनी पाठवण्यासाठी .४४ पेक्षा कमी दाब पुरतो. हरणासाठी याहून अधिक काही लागत नाही; कठीण मिश्रधातूची सपाट नाकाची गोळी त्या वेगाला हरणाच्या बरगड्या आरपार भेदून जाते. ‘फक्त रुगर’ विभागाच्या शेवटच्या ओळीपर्यंत जायलाच हवे, असा कुणाचा आग्रह नाही. .४४ घेतलेले लोक मात्र बहुधा त्या ओळीवरूनच सुरुवात करतात, आणि मग नेम धरताना डोळे मिटण्याची सवय लावून घेतात.

भेदनशक्तीबद्दल एक हिशेब मांडतो. .४४ च्या २४० ग्रेन गोळीचे वजन आणि व्यासाचा वर्ग यांचे जे प्रमाण येते, तेच .४५ मध्ये मिळवायचे असेल तर गोळी साधारण २६५ ग्रेनची हवी. म्हणजे आपली २५५ ग्रेनची गोळी .४४ च्या नेहमीच्या गोळीपेक्षा किंचित मागे आहे, पुढे नाही. ‘मोठे भोक म्हणून मोठा परिणाम’ एवढ्यावरच .४५ घेऊ नका. जड गोळी वापरणार असाल तरच त्याचा खरा उपयोग.

आता .४५ च्या खोडी. पहिली खोडी सिलिंडरच्या थ्रोटची. अनेक रुगर ब्लॅकहॉकमध्ये चेंबरच्या पुढचे हे तोंड .४५० किंवा त्याहूनही अरुंद सापडते. .४५२ ची शिशाची गोळी तिथे दाबली जाऊन बारीक होते, पुढे नळीत सैल पडते, आणि मग नळीत शिसे साचते व नेमही बिघडतो. रीमरने (भोक रुंद करणाऱ्या हत्याराने) ती तोंडे .४५२५ पर्यंत वाढवून घेता येतात. काम कठीण नाही, पण त्याचा खर्च आणि वेळ आपल्या तुलनेत धरा. दुसरी खोडी पुंगळीची. .४५ कोल्टची चेंबरे बहुधा ऐसपैस कापलेली असतात आणि कार्बाइड डाय मात्र पुंगळीला बरेच आवळते. या आवळण्या-फुगण्याने पितळ कडक होऊन तोंडाशी चिरा पडतात. सौम्य भरणीत पुंगळीची भिंत चेंबरला नीट टेकत नाही आणि बाहेरून काजळी चढते, हा अनुभव आपल्याला असेलच.

लांबनळी यांचे उत्तर

वरील दोघांनी रायफलीचा विचार केलेला दिसत नाही. पुढे कधी त्याच काडतुसाची लिव्हर अ‍ॅक्शन कार्बाइन (खालचा दांडा ओढून चालवायची आखूड रायफल) घ्यायची इच्छा असेल, तर .४४ मॅग्नममध्ये पर्याय अधिक मिळतात. .४५ कोल्टच्या जुन्या पुंगळीची कड फारच बारीक होती आणि एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने या काडतुसाची लिव्हर रायफल बनवली नाही. त्या काळच्या माणसाला रिव्हॉल्व्हर आणि रायफल एकाच काडतुसाची हवी असेल तर तो.४४-४० घेत असे. आजच्या रायफली .४५ कोल्टमध्ये मिळतात आणि चालतातही. .४४ ची जुनी मार्लिन १८९४ घेणाऱ्याने मात्र एवढे ध्यानात ठेवावे की तिच्या नळीतली पिळ ३८ इंचांत एक वळसा इतकी संथ आहे, त्यामुळे लांब, जड गोळ्या तिच्यात स्थिर राहतीलच असे नाही. दोन्ही काडतुसे सरळ भिंतीची आहेत, त्यामुळे ओहायोच्या हरणांच्या हंगामात त्या कारणाने अडचण येऊ नये; तरी चालू वर्षाची राज्याची नियमावली पाहूनच निर्णय करावा.

ओहायोवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी मी प्रश्नात लिहिल्या नव्हत्या, त्या आता महत्त्वाच्या वाटतात. माझे मेहुणे अधूनमधून येतात आणि प्रतिकृती घेऊन मैदानावर जातात. काडतुसे ते माझ्याच फडताळातून काढतात आणि डब्यावरची चिठ्ठी वाचतीलच अशी खात्री देता येत नाही. दुसरे असे की दुकानदाराने मला मोठ्या ब्लॅकहॉकऐवजी रुगरचेच न्यू व्हॅकेरो सुचवले आहे, तेही .४५ कोल्टमध्ये आणि बरेच हलके. ‘रुगरच आहे, तेव्हा जोरदार भरणी चालेल,’ असे त्याचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

पुंगळीवाला

नाही, अजिबात नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. २००५ मध्ये आलेले न्यू व्हॅकेरो मध्यम आकाराच्या फ्रेमवर बांधलेले आहे. त्याचे सिलिंडर जुन्या व्हॅकेरोच्या आणि मोठ्या ब्लॅकहॉकच्या सिलिंडरपेक्षा लहान आहे. ‘फक्त रुगर’ हा विभाग ज्या काळात पुस्तकांत रूढ झाला, त्या काळात .४५ कोल्टमधले रुगर म्हणजे मोठी फ्रेम हे समीकरण खरे होते. आज ते खरे नाही. .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी (पिस्तुलाचे काडतूस) अशी दोन सिलिंडरे असलेली मध्यम फ्रेमची काही ब्लॅकहॉकही बाजारात आहेत, म्हणजे नुसते ‘ब्लॅकहॉक’ हे नाव वाचूनही भागत नाही. फ्रेम कोणती आहे हे पाहिल्याशिवाय त्या विभागाचे पान उघडू नये.

मेहुण्यांबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याने माझ्या दृष्टीने प्रश्न निकालात निघतो. ज्या घरात १८७३ च्या घडणीचे शस्त्र आहे आणि ते एकाहून अधिक माणसे वापरतात, त्या घरात ३०,००० पीएसआयचे .४५ कोल्ट असू नये. .४४ मॅग्नमची आणि .४५ कोल्टची पुंगळी सारख्याच लांबीची असली, तरी फडताळातून चुकीचा डबा काढणाऱ्याला बुडावरचा शिक्का वेगळा दिसतो. आणि एवढे होऊनही.४४ चे काडतूस .४५ च्या चेंबरमध्ये घातले, तर ते सैल खुळखुळते आणि हाताला लगेच कळते. नवे डाय, नवा शेल होल्डर आणि नवा साचा यांचा खर्च मी या एका कारणासाठी आनंदाने करीन.

.४४ मध्ये सौम्य भरणीही हवीच असेल, तर ती मॅग्नमच्याच पुंगळीत करावी. स्पेशलच्या आखूड पुंगळ्या सतत वापरल्या की चेंबरमध्ये पुढच्या बाजूला काजळी आणि शिशाचे कडे साचते आणि नंतर मॅग्नमची पुंगळी आत जाताना अडते. फक्त मोठ्या पुंगळीत थोडी, जलद जळणारी दारू घालताना दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीत मावते आणि वरून पटकन कळत नाही, म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून पाहण्याचा नियम मोडू नये. पूर्ण ताकदीसाठी एच-११० वापरणार असाल (विंचेस्टर २९६ ही तीच दारू, दुसऱ्या डब्यातली), तर ती पुस्तकातल्या किमान मापाच्या खाली कमी करू नये. तिला दाब, मॅग्नम प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि घट्ट क्रिम्प (गोळीवर आवळलेली पुंगळीची कड) लागतात. मधल्या वेगांसाठी अलायन्टची २४०० ही दारू कितीतरी अधिक सोशिक आहे. मापे मी येथे मुद्दाम देत नाही. ती चालू आवृत्तीच्या पुस्तकातून किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यावीत.

शिसेओतारी

मेहुण्यांची बाब कळल्यावर मीही .४४ च्या बाजूने कलतो. .४५ वालेही यावर एक उपाय करतात, तो केवळ नोंदीसाठी सांगतो: लांब नाकाची, जड गोळी अशी बसवायची की पूर्ण काडतूस मोठ्या रुगरच्या लांब सिलिंडरमध्ये मावते, परंतु कोल्टच्या किंवा प्रतिकृतीच्या आखूड सिलिंडरमधून पुढे डोकावते आणि सिलिंडर फिरतच नाही. दोन्ही सिलिंडरे स्वतः मोजून घेतली तर हा उपाय खरोखर चालतो. पण तो त्या एका गोळीपुरता आहे. उद्या साचा बदलला, किंवा त्याच जोरदार मापावर २५० ग्रेनची आखूड गोळी बसवली, की अडसर गेला.

साच्याबद्दल म्हणाल तर .४४ साठी लायमन ४२९४२१ पासून सुरुवात करावी. ही कीथ यांच्याच आखणीची गोळी आहे, मिश्रधातूप्रमाणे २४५ ते २५० ग्रेनच्या आसपास उतरते, आणि तिची क्रिम्पची खाच खोल आहे. ही खाच महत्त्वाची अशासाठी की जोरदार भरणीच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी पुरेशी सरकली तर सिलिंडर ऐन वेळी अडकते. नवी भरणी केल्यावर पाच काडतुसे झाडून सहावे न झाडता बाहेर काढावे आणि त्याची लांबी कॅलिपरने आधीच्या मापाशी ताडून पाहावी. लांबी वाढली असेल तर क्रिम्प वाढवावा, आणि तोंड रुंद करणारा डाय पुंगळीला गरजेपेक्षा अधिक उघडत नाही ना, तेही तपासावे.

ओहायोवासी

ठरले. सुपर ब्लॅकहॉकच घेतो. खरेदीच्या वेळी .४४ च्या थ्रोटचीही अशीच तपासणी करावी लागेल का?

शिसेओतारी

.४४ मध्ये ही तक्रार .४५ इतकी ऐकू येत नाही, तरी तपासण्यास काहीच लागत नाही. .४३० ला साइझ केलेल्या दोन-तीन ओतीव गोळ्या खिशात न्याव्यात, दुकानदाराची परवानगी घेऊन सिलिंडर बाहेर काढावे आणि गोळी पुढच्या बाजूने प्रत्येक थ्रोटमध्ये बोटाने ढकलून पाहावी. हलक्या दाबाने गेली तर उत्तम. आपोआप आत पडली तर थ्रोट सैल आहे. आणि पेन्सिलीने ठोकावी लागली तर दुसरे रिव्हॉल्व्हर दाखवायला सांगावे. सहाही थ्रोट पाहावेत, कारण त्यांतला एखादाच निराळा निघणे अशक्य नसते.