तटाशिवाय मागे उरलेलं
अलिबागजवळच्या रेवदंड्याबद्दल '१७४० मध्ये पोर्तुगीज गेले आणि रेवदंड्यात नुसता तट उरला' असं म्हटलं जातं, ते किल्ल्याच्या तटापुरतं बरोबर. पण कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या कोर्लई गावात या. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजवर पोसलेली बोली घरात चालते. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी! बोलणारे जेमतेम हजारभर, म्हणून जीव तुटतो.

एकदा एसटीची वाट बघताना शेजारी दोन आज्या बोलत होत्या. शब्द एक कळेना, हेल मात्र आपल्याच गावातला. मग एकीने वळून स्वच्छ मराठीत विचारलं, "मुरुडची गेली काय रे?"