डकटेल्स : छडीवरची उडी बर्फात का फसते?

प्रश्न (फोंडा) : कॅपकॉमने १९८९ मध्ये निन्टेंडोसाठी काढलेला 'डकटेल्स' हा खेळ माझा भाचा चतुर्थीच्या सुट्टीत खेळू लागला आहे. खेळाचा नायक अंकल स्क्रूज याची छडीवरची उडी (छडी खाली टेकवून तिच्यावर उसळणे) त्याला इतरत्र जमते, खेळातल्या हिमालयाच्या टप्प्यात मात्र फसते. कंट्रोलर बिघडला असावा का?

उत्तर (डिचोली) : कंट्रोलर ठीक असावा. मऊ बर्फावर छडी टेकताच स्क्रूज रुतून बसतो, ही योजना निर्मात्यांचीच आहे. एरवी काट्यांवरूनही सुखरूप नेणारी ही उडी तिथे निरुपयोगी ठरावी, म्हणजे खेळणाऱ्याला साधी उडी मारणे भाग पडते. मला ही युक्ती फारच आवडते.

उत्तर (पेडणे) : सहमत. मूळ खेळात हवेत असताना खालची दिशा आणि बी बटण एकत्र दाबावे लागते. २०१३ च्या नव्या आवृत्तीत हे सोपे केले आहे, पण माझ्या मते मजा जुन्यातच आहे. पाचही ठिकाणे हव्या त्या क्रमाने निवडता येत असली, तरी आफ्रिकेतील खाणीची किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात मिळते, हे भाच्याला अवश्य सांगावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तो खाणीच्या दाराशीच अडला होता.