टेनोफोविर चालू, डीएनए सापडत नाही, तरी एएलटी चढलेलाच. डेल्टा (हिपॅटायटिस डी) तपासावा का?

प्रश्न:
जुना हिपॅटायटिस बी, वर्षभर टेनोफोविर (बीचा विषाणू दाबणारी गोळी) नियमित. एचबीव्ही डीएनए (रक्तातला बीचा विषाणू) सापडत नाही, पण एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ९०च्या खाली उतरायला तयार नाही. दारू नाही, फॅटी लिव्हर नाही. हिपॅटायटिस डी पाहायचा तर नेमकी कोणती चाचणी लिहायची? निघाला तर टेनोफोविर वाढवायचं का?

प्रतिसाद १:
डेल्टाचा संशय यायलाच हवा असं हे चित्र आहे. डीएनए शून्य पाहून इथेच फसायला होतं, कारण डेल्टा स्वतःच बीला दाबून ठेवतो.

आधी अँटी-एचडीव्ही टोटल (डेल्टाविरुद्धच्या एकूण अँटीबॉडी). नुसती आयजीएम (मुख्यतः ताज्या संसर्गात दिसणारी अँटीबॉडी) मागवू नका, जुन्या संसर्गात ती निगेटिव्ह येऊ शकते. टोटल पॉझिटिव्ह आली की एचडीव्ही आरएनए (रक्तातला डेल्टा विषाणू), क्वांटिटेटिव्ह पीसीआरने. विषाणू गेल्यावरही अँटीबॉडी रक्तात राहते, म्हणून चालू संसर्ग आरएनएवरूनच ठरतो. तो निगेटिव्ह आला आणि एएलटी चढलेलाच राहिला, तर काही महिन्यांनी पुन्हा करा, जमल्यास दुसऱ्या लॅबमध्ये. आरएनएची पातळी वरखाली होते, आणि डेल्टाचे आठही जीनोटाइप (उपप्रकार) प्रत्येक किट सारखेच पकडतं असं नाही.

प्रतिसाद २:
टेनोफोविर वाढवून काहीही मिळणार नाही. ते बीचं पॉलिमरेज (विषाणूच्या जनुकांची नक्कल करणारं एन्झाइम) अडवतं, डेल्टाकडे स्वतःचं पॉलिमरेज नाहीच. तो यकृताच्या पेशीचीच यंत्रणा वापरून आरएनए छापतो आणि बीकडून फक्त एचबीएसएजीचं (बीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं) आवरण उसनं घेतो. डीएनए दिसेनासा झाला तरी ते आवरण तयार होतच राहतं. मात्र गोळी मनाने बंद करू नका, बी उसळतो.

डेल्टासाठी पेगइंटरफेरॉन अल्फा, आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे. साधारण चौघांत एकाचा आरएनए जातो, त्यातही पुढे काहींचा परततो. जलोदर (पोटात पाणी) झालेला सिरॉसिस (व्रण पडून यकृत कडक होणं) किंवा तीव्र नैराश्य असेल तर ते देऊ नये. दुसरं औषध बुलेव्हिर्टाइड, रोज २ मिलिग्रॅम त्वचेखाली. ते विषाणूचं पेशीत शिरण्याचं दारच अडवतं. कुपी फ्रिजमध्ये ठेवायची, पावडर १ मिली इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवायची. कुपी जोरात हलवू नका, हळूच फिरवा. रक्तातले पित्तक्षार वाढलेले दिसतील, ते या औषधामुळेच.

प्रतिसाद ३:
आरएनए पॉझिटिव्ह आला तर फायब्रोस्कॅनही (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या, डेल्टात सिरॉसिस लवकर गाठतो. सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. घरच्यांची एचबीएसएजी (असेल तर बीची लागण) आणि अँटी-एचबीएस (बीपासून संरक्षण देणारी अँटीबॉडी) तपासा. दोन्ही निगेटिव्ह असतील त्यांना बीची लस द्या. बी नाही तर डेल्टाही नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघेल त्याला लसीचा उपयोग नाही, त्याची अँटी-एचडीव्ही लगेच करा.